नियम बरोबर, तरी मेल भलतीकडे: मेल सर्व्हरवरचा नियमांचा क्रम कसा तपासायचा

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतलं टेरी टॉवेलचं एखादं निर्यात कार्यालय डोळ्यांपुढे आणा. ‘एक्स्पोर्ट’ नावाची एक मेलपेटी आहे आणि ती तीन-चार जण मिळून वापरतात. जर्मनीच्या गिऱ्हाइकाचा मेल ‘ऑर्डर’ फोल्डरमध्ये जायला हवा, न्हावाशेव्याच्या क्लिअरिंग एजंटचा ‘जहाज’मध्ये, सूतवाल्याचं बिल हिशेबाकडे. प्रत्येकासाठी नियम आहे आणि एकेकटा तपासला तर प्रत्येक नियम बरोबर चालतो. तरी दर पंधरा दिवसांनी त्याच तक्रारी येतात: एक मेल दोन ठिकाणी पडला, एक सापडतच नाही, बँकेचा ओटीपी मुदत संपल्यावर आला. कोणीतरी आणखी एक नियम घालतं, आठवडाभर बरं चालतं आणि मग दुसरीकडे काहीतरी बिघडतं.

अशा वेळी नवा नियम लिहू नका. ताण्याचा एक धागा फणीच्या चुकीच्या घरातून गेला तर धागा चांगला असूनही अख्ख्या थानावर पट्टा उठतो, तसंच इथे आहे. बहुतेक वेळा नियमात खोट नसते. त्याच्या आधीच्या कुणीतरी मेल अडवलेला असतो, सोडलेला असतो किंवा उचलून नेलेला असतो. तो ‘आधीचा’ कोण, एवढंच शोधायचं.

खालचं विवेचन लिनक्सवरच्या पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा) आणि डव्हकॉट (मेल पेटीत ठेवणारा) या जोडीला धरून आहे. आज्ञा आणि पॅरामीटरची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजीतच टाका, आणि पोस्टफिक्सच्या पॅरामीटरमध्ये शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर असतो हे ध्यानात ठेवा.

आधी टप्पा ओळखा

आलेला मेल चार दारांतून जातो. पहिल्या दारात पोस्टफिक्स समोरच्या सर्व्हरशी बोलत असतानाच ठरवतो की मेल घ्यायचा की नाही. दुसऱ्या दारात मिल्टर, म्हणजे पोस्टफिक्सला जोडलेले आरस्पॅमडी (स्पॅमचे गुण देणारा), ओपनडीकेआयएम (सही बघणारा) वगैरे कार्यक्रम मेल बघतात आणि मेलच्या डोक्यावरच्या ओळी तपासणारे ‘हेडर चेक्स’ही लागतात. तिसरं दार रांगेनंतरच्या गाळणीचं, अमाविससारखी गाळणी बसवली असेल तरच. चौथ्या दारात डव्हकॉट मेल पेटीत टाकताना सीव्ह स्क्रिप्ट, म्हणजे पेटीच्या नियमांची फाइल, चालवतो. एका दारातला क्रम कितीही बदलला तरी दुसऱ्या दारात झालेला निर्णय फिरत नाही. तीन-तीन दिवस सीव्हचे नियम वरखाली करत बसायचं आणि मेल मुळात पहिल्याच दारातून परत गेलेला असायचा, ही चूक फार होते.

लॉग एका नजरेत टप्पा सांगतो. डेबियन-उबुंटूवर ‘व्हार लॉग’मधली ‘मेल डॉट लॉग’ ही फाइल, अल्मा किंवा रॉकीवर ‘मेललॉग’. पाठवणाऱ्याचा पत्ता ग्रेप करा, म्हणजे ‘ग्रेप’ या आज्ञेने फाइलमध्ये शोधा. ओळीत ‘नोक्यू’ आणि ‘रिजेक्ट’ दिसलं तर मेल रांगेत आलाच नाही, पहिल्या दारातच थांबला. रांगेचा क्रमांक दिसला तर त्या क्रमांकाने पुन्हा ग्रेप करा. शेवटी ‘स्टेटस सेंट’ आणि रिलेच्या जागी डव्हकॉट असेल तर पोस्टफिक्सने आपलं काम केलेलं आहे. पुढे डव्हकॉटच्या लॉगमध्ये ‘सीव्ह’ शब्दानंतर त्याच मेसेज-आयडीची ओळ शोधा, कोणत्या फोल्डरमध्ये ठेवला ते तिथे लिहिलेलं असतं.

एकाच दाराचे पाच-सहा मेल असे लावून पाहिल्याशिवाय कुठल्याही फाइलला हात लावू नये.

सीव्ह: सगळ्यात जास्त गोंधळ इथेच

समजा एक्स्पोर्टच्या पेटीत हे नियम या क्रमाने आहेत:

१. विषयात इंग्रजी ‘ऑर्डर’ असेल तर ‘ऑर्डर’ फोल्डर.
२. एजंटच्या डोमेनवरून आला असेल तर ‘जहाज’ फोल्डर.
३. स्पॅमचा शिक्का असेल तर ‘जंक’.
४. सुट्टी असेल तर आपोआप उत्तर.
५. सगळ्याची एक प्रत मालकांच्या बाहेरच्या पत्त्यावर.

वाचायला ठीक वाटतं. आता मेल आत सोडू.

गिऱ्हाइकाने डॉबी बॉर्डरच्या शेडबद्दल लिहिलं, तो मेल ‘ऑर्डर’ फोल्डरमध्ये गेला. कारण ‘कंटेन्स’ ही तुलना तुकडा शोधते, आणि इंग्रजीत ‘बॉर्डर’ या शब्दाच्या पोटात ‘ऑर्डर’ची पाचही अक्षरं सलग आहेत. टॉवेलच्या धंद्यात बॉर्डर हा शब्द दिवसातून पन्नासदा येतो. औषधांच्या दुकानात हाच नियम वर्षभर बिनबोभाट चालला असता. उपाय दोन. बॉर्डरचा अरुंद नियम ऑर्डरच्या वर ठेवा, किंवा त्याहून बरं, ऑर्डरच्या नियमाला पाठवणाऱ्याच्या डोमेनची अट जोडा. दोन्ही अटी पाळल्या तरच नियम लागू व्हावा यासाठी ‘ऑलऑफ’ वापरा. ‘एनीऑफ’ घातलं तर एकच अट पुरते आणि घोळ वाढतो.

एजंटने विषयात ऑर्डर क्रमांक लिहिला. मेल ‘ऑर्डर’मध्येही गेला आणि ‘जहाज’मध्येही. सीव्हमध्ये सुटे ‘इफ’ एकापाठोपाठ सगळे तपासले जातात. पहिला जुळला म्हणून दुसरा थांबत नाही. दोन जणांनी एकाच मेलला उत्तर दिलं, गिऱ्हाइकाला दोन वेगळ्या तारखा कळल्या, ही तक्रार इथून येते. एकच फोल्डर हवा असेल तर ‘इफ’नंतरचे नियम ‘एल्सइफ’ करा, नाहीतर प्रत्येक नियमाच्या शेवटी ‘स्टॉप’ लिहा. दोन्हींत फरक आहे: ‘एल्सइफ’ फक्त त्या साखळीपुरतं बघतं, ‘स्टॉप’ खालचं सगळंच बंद करतं. वेबमेलच्या पडद्यावरून नियम बनवता तेव्हा तो मागे कोणता प्रकार लिहितो हे एकदा स्क्रिप्ट उघडून बघाच.

मग उत्साहाने सगळीकडे ‘स्टॉप’ घातला जातो आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला कार्यालय बंद असताना नवी भानगड निघते. सुट्टीचं उत्तर चौथ्या क्रमांकावर आहे, ऑर्डरचे मेल पहिल्याच नियमावर थांबतात. म्हणजे ज्यांना उत्तर जायला हवं त्या गिऱ्हाइकांना ते जात नाही, आणि बाकीच्या सटरफटर मेलना जातं. सुट्टीचा नियम ‘व्हेकेशन’ क्रियेने चालतो, तो मेल उचलून नेत नाही. तेव्हा तो फोल्डरवाटपाच्या वर बिनधास्त ठेवता येतो. पण स्पॅमच्या खालीच ठेवा, नाहीतर स्पॅमवाल्याला आपणहून कळवल्यासारखं होतं की हा पत्ता चालू आहे.

त्याच क्रियेची आणखी एक गोम: मेलच्या ‘टू’ किंवा ‘सीसी’मध्ये आपला पत्ता नसेल तर ती उत्तर देत नाही. गिऱ्हाईक ‘सेल्स’ या टोपणपत्त्यावर लिहितं आणि तो मेल एक्स्पोर्टकडे वळतो, तर ‘ॲड्रेसेस’ या जोडशब्दात सेल्सचा पत्ता नोंदवावा लागतो. शिवाय एकाच माणसाला सांगितलेल्या दिवसांत एकदाच उत्तर जातं. दिवस सांगितले नाहीत तर सहसा सात. चाचणी करताना दुसऱ्या मेलला उत्तर आलं नाही म्हणून क्रम बदलत बसू नका, दुसऱ्या पत्त्यावरून पाठवून बघा.

पाचवा नियम तर वेगळंच नुकसान करतो. ‘रिडायरेक्ट’ ही क्रिया मूळ पेटीतली आपोआपची ठेव रद्द करते. फोल्डरच्या कुठल्याच नियमात न बसलेला मेल मालकांकडे जातो आणि एक्स्पोर्टच्या इनबॉक्समधून नाहीसा होतो. ‘मेल सापडत नाही’ या तक्रारीत आधी इथे बघा. ‘कॉपी’ विस्तार जोडून ‘रिडायरेक्ट’ला ‘कॉपी’ची खूण लावली की प्रत जाते आणि मूळ जागेवर राहतं. हा नियमही स्पॅमच्या खालीच हवा. बाहेर स्पॅम ढकलत राहिलात तर समोरची मोठी मेलसेवा तुमच्याच सर्व्हरला वाईट शेरा देते, मग खऱ्या कोटेशनचे मेल गिऱ्हाइकाच्या जंकमध्ये जायला लागतात. पिजनहोलमध्ये, म्हणजे डव्हकॉटच्या सीव्हमध्ये, एका मेलमागे रिडायरेक्टची मर्यादा मुळात ४ आहे. पाचवा घातला की स्क्रिप्ट चुकीवर थांबते.

सुधारलेला क्रम असा: स्पॅम आणि तिथेच ‘स्टॉप’. मग सुट्टीचं उत्तर. मग मालकांची प्रत, ‘कॉपी’सह. मग एजंट. मग बॉर्डर आणि सॅम्पलचे अरुंद नियम, त्याखाली ऑर्डरचा रुंद नियम, आणि हे सगळं फोल्डरवाटप एका ‘इफ-एल्सइफ’ साखळीत. एजंट ऑर्डरच्या वर का? कारण त्याची खूण डोमेनची आहे, विषयातल्या शब्दापेक्षा पक्की. पक्क्या खुणेचा नियम वर, सैल खुणेचा खाली.

‘डिस्कार्ड’बद्दलही गैरसमज आहे. वर एखाद्या नियमाने फोल्डरमध्ये टाकलेला मेल खालचा ‘डिस्कार्ड’ परत काढून फेकत नाही. तो फक्त आपोआपची इनबॉक्समधली ठेव रद्द करतो.

सर्वांसाठीची स्क्रिप्ट आधी की नंतर

डव्हकॉटमध्ये तीन थर असतात: ‘सीव्ह बिफोर’, वापरणाऱ्याची स्वतःची स्क्रिप्ट, ‘सीव्ह आफ्टर’. एका थराने मेल ‘कीप’ केला, उघड किंवा आपोआप, तरच पुढचा थर चालतो. कुणी फोल्डरमध्ये टाकला की साखळी तिथेच तुटते.

म्हणून स्पॅमचा नियम ‘आफ्टर’मध्ये ठेवला तर ज्याने स्वतःचे फोल्डर लावलेत त्याच्या ‘ऑर्डर’ फोल्डरमध्ये स्पॅम येत राहतो आणि शेजारच्या टेबलावर, जिथे नियमच नाहीत, सगळं स्वच्छ असतं. ‘माझ्याकडेच का येतो?’ याचं उत्तर हे. ‘बिफोर’मध्ये ठेवला तर उलट: वापरणाऱ्याने स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये ‘हा पाठवणारा चालतो’ असं लिहिलं तरी उपयोग नाही, मेल आधीच जंकमध्ये गेलेला असतो. दोन्हींतून निवडायचं तर ‘बिफोर’ घ्यावं आणि सूट देण्याचं काम आरस्पॅमडीतच, गुण देण्याच्या पातळीवर करावं. पेटी-पेटीत सूट दिलेल्यांची यादी ठेवली की सहा महिन्यांनी कोणाला काय सूट आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

‘बिफोर’च्या जागी फाइलऐवजी फोल्डर दिला असेल तर आतल्या स्क्रिप्ट नावाच्या अक्षरक्रमाने चालतात. ‘१०-स्पॅम’, ‘२०-प्रत’ अशी आकड्यांची नावं द्या. दहाच्या टप्प्याने दिली की मध्ये घुसवायला जागा राहते. सर्वांच्या स्क्रिप्ट बदलल्यावर ‘सीव्हसी’ने हाताने संकलित करा. त्या फोल्डरमध्ये लिहायचा हक्क डव्हकॉटच्या प्रक्रियेला बहुधा नसतो. डव्हकॉट २.४ पासून हे थर लिहिण्याची पद्धत बदलली आहे. ‘सीव्ह स्क्रिप्ट’ नावाच्या गटात प्रकार ‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ असा सांगावा लागतो. जुन्या आवृत्तीची ओळ जशीच्या तशी चिकटवू नका.

सगळेच मेल अचानक इनबॉक्समध्ये पडायला लागले तर क्रम बघूच नका. बहुधा स्क्रिप्टमध्ये कुठेतरी अर्धविराम सुटलाय. संकलन फसलं की मेल गमावण्याऐवजी डव्हकॉट तो इनबॉक्समध्ये ठेवतो.

चाचणीसाठी ‘सीव्ह-टेस्ट’ आहे. अडलेला मेल फाइल म्हणून उतरवून घ्या, ‘सीव्ह-टेस्ट’ला ‘डॅश टी डॅश’ आणि मोठ्या ‘टी’ची ‘लेव्हल इक्वल्स मॅचिंग’ ही खूण द्या, पुढे स्क्रिप्ट, पुढे मेलची फाइल. कोणती ओळ तपासली, काय जुळलं, शेवटी कोणत्या क्रिया होणार ते सगळं पडद्यावर येतं. खरा मेल कुठेच जात नाही. या एका आज्ञेने दिवसभराची चर्चा पाच मिनिटांत मिटते.

पोस्टफिक्स: ‘ओके’ म्हणजे कुठपर्यंत ओके?

पहिल्या दारात बंधनांच्या याद्या आहेत: क्लायंट, हेलो, सेंडर, रिले, रेसिपिएंट आणि पुढे डेटाच्या. एका यादीत वरून खाली बघितलं जातं आणि पहिला ठाम निकाल शेवटचा. पण ‘ओके’ आणि ‘रिजेक्ट’ यांचं वजन सारखं नाही. ‘रिजेक्ट’ कुठल्याही यादीत आला की खेळ संपला. ‘ओके’ फक्त त्या यादीपुरता; पुढची यादी पुन्हा पहिल्यापासून विचारते. ‘सूतवाल्याचा सर्व्हर सूटच्या यादीत घातलाय तरी नाकारतोय’ ही तक्रार आली की समजावं: सूट क्लायंटच्या यादीत आहे आणि काळ्या यादीची (स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरच्या बाहेरच्या यादीची) तपासणी रेसिपिएंटच्या यादीत. लॉगवरून हे कळत नाही, कारण ‘एसएमटीपीडी डिले रिजेक्ट’ मुळातच चालू असतं, त्यामुळे क्लायंटच्या बंधनाचा नकारही ‘आरसीपीटी फ्रॉम’ याच शब्दांनी लिहिला जातो.

लहान कार्यालयात सगळं रेसिपिएंटच्या एकाच यादीत ठेवलेलं सोपं पडतं. क्रम असा ठेवा: आपलं नेटवर्क, लॉगिन केलेले, ‘रिजेक्ट अनऑथ डेस्टिनेशन’, ‘रिजेक्ट अनलिस्टेड रेसिपिएंट’, मग सूट देणारी क्लायंटची यादी, मग पाठवणाऱ्याच्या डोमेनची तपासणी, मग काळी यादी, सगळ्यात शेवटी ग्रेलिस्टिंग, म्हणजे अनोळखी सर्व्हरला थोड्या वेळाने पुन्हा यायला सांगणं. तत्त्व सरळ आहे, फुकटची तपासणी आधी आणि बाहेर डीएनएसला विचारावी लागणारी नंतर.

‘रिजेक्ट अनऑथ डेस्टिनेशन’च्या वर पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून ‘ओके’ देणारी यादी कधीही ठेवू नका. पाठवणाऱ्याचा पत्ता कुणीही खोटा लिहू शकतो. तो जुळला की बाहेरच्याचा मेल बाहेरच्यासाठी तुमच्याकडून जातो, म्हणजे सर्व्हर खुला रिले होतो. २.१० पासून रिलेची स्वतंत्र यादी आली आणि हा खड्डा बराच बुजला; पण जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये ती यादी मुद्दाम रिकामी ठेवलेली आढळते. सूट द्यायचीच तर सर्व्हरच्या आयपीवरून द्या.

खुल्या रिलेचं दुसरं कारण राउटरमध्ये असतं. बाहेरून येणारा २५ क्रमांकाच्या पोर्टचा रस्ता आत वळवताना राउटर मूळ आयपी पुसून स्वतःचा लावत असेल, तर लॉगमध्ये प्रत्येक पाहुणा १९२.१६८.१.१ वरून आलेला दिसतो. पोस्टफिक्सच्या लेखी तो घरचाच. पहिल्याच ओळीवर ‘परवानगी’, खालचे सगळे नियम शोभेचे. स्पॅम एकाएकी वाढला आणि एकही नकार लॉगमध्ये नाही, तर आधी हे बघा.

ओटीपी उशिरा येण्याचं कारण जवळजवळ नेहमी ग्रेलिस्टिंग असतं. ते करणारा पोस्टग्रे मुळात ३०० सेकंद थांबवतो, पुढे समोरचा सर्व्हर पुन्हा कधी प्रयत्न करेल त्यावर. मोठ्या सेवा दुसऱ्या खेपेला वेगळ्याच आयपीवरून येतात, मग कधी कधी घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. बँक आणि करखात्याच्या सर्व्हरची सूट ग्रेलिस्टिंगच्या वर हवी, खाली असून उपयोग नाही.

काळ्या यादीबाबत एक सापळा. स्पॅमहॉसच्या ‘झेन’ यादीला ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारलं तर खरं उत्तर न देता १२७.२५५.२५५.२५४ हा आकडा परत येतो. नियमात उत्तराची मर्यादा घातलेली नसेल तर पोस्टफिक्स त्याचा अर्थ ‘यादीत आहे’ असा घेतो आणि जगातला प्रत्येक मेल नाकारतो. क्रम बदलून ही गोष्ट फक्त लपते. सर्व्हरवर स्वतःचा अनबाउंड (डीएनएसला विचारणारा कार्यक्रम) बसवा आणि नियमात यादीच्या नावापुढे ‘१२७.०.०.[२..११]’ अशी उत्तरांची चौकट लिहा, आकडे अर्थात इंग्रजीत.

आता सुटीच्या-नकाराच्या नोंदी ज्यांत लिहितात त्या तक्त्यांकडे. ‘हॅश’ प्रकारच्या तक्त्यात ओळींच्या क्रमाला काहीही अर्थ नाही. आधी पूर्ण पत्ता शोधला जातो, मग डोमेन, मग इतर रूपं. तिथे ओळ वर नेली-खाली आणली तरी फरक पडणार नाही, आणि ‘पोस्टमॅप’ चालवायला विसरलात तर बदलच लागू होत नाही. ‘पीसीआरई’, ‘रेगएक्स्प’ आणि ‘सीआयडीआर’ या तक्त्यांत मात्र वरची पहिली जुळणारी ओळ जिंकते. तिथे अपवाद वर लिहा. कोणता तक्ता काय उत्तर देतो ते ‘पोस्टमॅप डॅश क्यू’ने विचारता येतं.

पोस्टफिक्सच्या मुख्य फाइलमध्ये, मेन डॉट सीएफमध्ये, क्रम नीट आहे, रीलोड केलंय, तरी फरक नाही? दोन शक्यता. तेच पॅरामीटर फाइलमध्ये दोनदा लिहिलंय आणि खालचं जिंकतंय. ‘पोस्टकॉन्फ डॅश एन’ने खरं मूल्य दिसेल. किंवा सेवांच्या फाइलमध्ये, मास्टर डॉट सीएफमध्ये, ५८७ पोर्टच्या सबमिशन सेवेला ‘डॅश ओ’ने वेगळी यादी दिली आहे, ती ‘पोस्टकॉन्फ डॅश मोठं पी’ने दिसते. कार्यालयातले लोक ५८७ वरून पाठवतात, चाचणी करणारा २५ वरून, आणि दोघांना दोन वेगळे अनुभव येतात.

मराठी विषय आणि हेडरचे नियम

‘हेडर चेक्स’ एकेक हेडर सुटा बघतात. ‘फ्रॉम’साठी ‘डन्नो’ (‘माझा निकाल नाही’) दिलं म्हणून ‘सब्जेक्ट’चा नियम टळत नाही. ‘या गिऱ्हाइकाला सोडा, बाकीच्यांचा हा विषय अडवा’ असा दोन हेडरांचा नियम तिथे होऊच शकत नाही, तो सीव्हमध्ये किंवा आरस्पॅमडीत न्या.

शिवाय पोस्टफिक्सला विषय कच्च्या रूपात दिसतो. मराठीत ‘चादरीचे बिल’ लिहिलं की तारेवर ते यूटीएफ-८ चं सांकेतिक रूप होऊन जातं. ‘बिल’ शोधणारा नियम कधीच जुळणार नाही, कितीही वर ठेवा. सीव्ह विषय उलगडून वाचतो, तिथे चालतं. पण तिथेही ‘ऱ’ दगा देतो. ‘व्यापाऱ्यांसाठी’मधला ‘ऱ’ काही कीबोर्ड एकाच चिन्हाने लिहितात, काही ‘र’ आणि खाली नुक्ता असा दोन चिन्हांनी. डोळ्याला एकच अक्षर, सर्व्हरला दोन वेगळी. नियमात दोन्ही रूपं लिहा, किंवा ‘ऱ’ टाळून शब्दाचा ‘व्यापा’ एवढाच तुकडा शोधा.

दोनदा गाळणी, तुटलेली सही

प्रत्येक मेलची प्रत दोनदा पडत असेल आणि अमाविस असेल, तर मेल १००२४ पोर्टवर जाऊन १००२५ वरून परत येतो तेव्हा ‘ऑल्वेज बीसीसी’ (प्रत्येक मेलची प्रत पाठवणारं पॅरामीटर) पुन्हा लागतं. ‘रिसीव्ह ओव्हरराइड ऑप्शन्स’ने आत जाताना ‘नो ॲड्रेस मॅपिंग्ज’ द्या. परतीच्या सेवेला स्वतंत्रपणे ‘नो हेडर बॉडी चेक्स’ आणि ‘नो मिल्टर्स’ द्या, आणि ‘नो ॲड्रेस मॅपिंग्ज’ मात्र देऊ नका. दोन्हीकडे दिलं तर टोपणपत्ते उलगडणारच नाहीत.

जाणाऱ्या मेलच्या तळाला कंपनीचा पत्ता किंवा सूचना जोडत असाल तर ते काम डीकेआयएमच्या, म्हणजे मेल वाटेत बदलला नाही हे दाखवणाऱ्या, सहीआधी झालं पाहिजे. मिल्टर यादीत लिहिल्या क्रमाने चालतात. सही आधी झाली तर समोर ‘बॉडी हॅश डिड नॉट व्हेरिफाय’ असा शेरा मिळतो.

एक्सचेंज, आउटलुक, जीमेल

एक्सचेंजच्या मेलफ्लो नियमांत ० ही सर्वोच्च प्राथमिकता आणि नवा नियम तळाला जातो. जुन्या आउटलुकच्या इनबॉक्स नियमांत उलट, नवा नियम वर चढतो. दोन्हीकडे ‘स्टॉप प्रोसेसिंग मोअर रूल्स’ची चौकट आहे, आउटलुकचा विझार्ड फोल्डरचा नियम बनवताना तिच्यावर बहुधा स्वतःच टिक करतो. ‘क्लायंट-ओन्ली’ लिहिलेले नियम त्या संगणकावर आउटलुक उघडं असेल तेव्हाच चालतात, सर्व्हरवरच्या नियमांनंतर. जीमेलच्या फिल्टरना क्रमच नाही. जुळले ते सगळे लागतात. तिथे अपवाद फिल्टरच्या अटीतच ‘हे शब्द नसतील तर’ या रकान्यात लिहावा लागतो.

बदल करताना

सकाळी दहाच्या आत करा. दुपारी साडेबारा-दीडनंतर युरोपातली कार्यालयं उघडतात आणि लॉग धावायला लागतो. आधी ‘ईटीसी पोस्टफिक्स’ आणि सीव्हच्या फोल्डरची तारखेनिशी प्रत ठेवा. पोस्टफिक्समध्ये हलवलेल्या नकाराच्या नियमाआधी ‘वॉर्न इफ रिजेक्ट’ लिहा. दोन दिवस तो फक्त लॉगमध्ये ‘नाकारला असता’ अशी नोंद करेल. मग तो शब्द काढा आणि पहिल्या दिवशी ‘सॉफ्ट बाउन्स’ चालू ठेवा. पाचशेचे (कायमचे) नकार चारशेचे (तात्पुरते) होतात, म्हणजे चुकून अडलेला मेल समोरच्याच्या रांगेत टिकतो आणि पुन्हा येतो. पोस्टफिक्स स्वतः असे मेल मुळात ५ दिवस धरून ठेवतो, पण सगळे सर्व्हर इतके सोशिक नसतात. दुसऱ्या दिवशी ‘सॉफ्ट बाउन्स’ बंद करा. ते चालू राहिलं तर खरे स्पॅमवालेही परत परत दार वाजवत राहतात आणि चुकीच्या पत्त्यावर लिहिणाऱ्या गिऱ्हाइकाला आपली चूक कळायला तितकेच दिवस लागतात.

एका वेळी एकच नियम हलवा आणि त्याच्या वरच्या ओळीत तारीख व कारण टिप्पणी म्हणून लिहा. मेन डॉट सीएफमध्ये टिप्पणीच्या खालची ओळ मोकळ्या जागेनेच सुरू झाली पाहिजे. ती जागा सुटली की पोस्टफिक्स तिला नवं पॅरामीटर समजतो आणि बरोबरीचं चिन्ह न सापडल्याने चूक दाखवून थांबतो.